पुढची फळी

मी होडीत पाय टाकला, पुढच्या फळीवर बसले, आणि होडीनं नाक पाण्यात खुपसलं.

काठावर नारू मेस्त्री उभा होता, तो हसला. आमचा मालक गुडघाभर पाण्यात होडीचं मागचं टोक धरून उभा होता. तो हसला नाही. त्यानं मान फिरवून खाडीकडं बघितलं, जसं काही पलीकडच्या कांदळवनात कुणी त्याला हाक मारत होतं.

"दात काढायला काय झालं मेस्त्री? म्हैस बसली काय तुमच्या होडीत?"

"मी काय बोललो का येसूबाई?"

"तोंड नाही बोललं, दात बोलले."

पुढून पाणी आत आलं. माझं लुगडं भिजलं, वर उपास. नवरात्राची पाचवी माळ होती, पोटात सकाळपासून वरीच्या तांदळाची पेज तेवढी. उपाशी बाईला डिवचू नये एवढं शहाणपण कोकणातल्या कुत्र्यालासुद्धा असतं. मेस्त्रीला नव्हतं.

आता आधीच सांगून टाकते. नवऱ्याचं नाव मी घेत नाही, मालक म्हणते. आनंदात असले की 'ते' म्हणते, रागात असले की 'तो'. या गोष्टीत तो.

आम्ही भोई. खाडीवर आमच्यात नवराबायकोची होडी असते. आंब्याच्या एका खोडातून कोरलेली, दोघांपुरती. बायको पुढं बसून वल्हं मारते, नवरा मागं बसून वल्हंही मारतो आणि त्याच वल्ह्यानं होडी वळवतो. आमची जुनी होडी गणपतीच्या दिवसांत बुडाला चिरली. माझ्या लग्नातली ती, बावीस वर्षं चालली. दसऱ्याला नवी होडी पाण्यात लोटली नाही तर पुढचे आठ महिने दुसऱ्याच्या होडीची वाट बघत काठावर बसायचं. म्हणून आम्ही तरीतून खाडी ओलांडून मेस्त्रीच्या मांडवाला आलो होतो. शेवंती, आमची पोरगी, सोळा वर्षांची, ती पण संगतीला आली होती. ती मेस्त्रिणीजवळ ओटीवर बसून नारळ किसत होती.

मेस्त्रीकडं तीन होड्या तयार होत्या.

पहिली रुंद, तळ परातीसारखा सपाट. तिच्यात उभं राहून पागाचं जाळं फेका, तिसऱ्या-शिंपल्यांची टोपली भरून ठेवा, हलणार नाही. चालायला मात्र सुस्त. दुसरी आखूड, दोन्ही टोकं वर उचललेली. ती वरच्या अंगाच्या नदीची, जिथं दगड आणि डोह. फुगडीसारखी जागच्या जागी फिरेल, पण उघड्या खाडीत वारा लागला की कुठंही जाईल. आणि तिसरी ही, जिनं माझं लुगडं भिजवलं. लांब, निमुळती, पोटाला गोल. पाण्यातून सुरी जाते तशी जाते. सुकतीबरोबर खाडीच्या मुखाशी जायचं, जाळं टाकायचं, भरतीबरोबर माघारी यायचं, त्या कामाची. पण बसणारा जरा चुकीचा शिंकला तरी कलंडेल अशी.

मला रुंद हवी होती. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. आम्ही तिसऱ्या काढणारी, पाग टाकणारी माणसं. माझं शरीर भरलेलं, उजवा खांदा दुखरा. विहिरीच्या पायरीवर घसरून तो खांदा एकदा निखळला होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पायरीला अजून 'येसूची पायरी' म्हणतात मेले.

"चांगली आहे ही," मी होडीतून उतरत म्हटलं. "ज्याला मरायची घाई आहे त्याच्यासाठी. रुंद काढा ती मेस्त्री, ओढा पाण्यात."

मेस्त्री हलला नाही. त्यानं मालकाकडं बघितलं.

"ह्याच होडीचं ठरलंय ना?" मेस्त्री म्हणाला.

"कुणाचं ठरलंय?"

मालक खाकरला. "वरच्या अंगाला आता मासळी राहिली नाही. तिसऱ्या पण बोटाच्या नखाएवढ्या मिळतात. मुखाशी बोयटं आहेत, शेंगट्या आहेत. मुखाशी जायचं तर हीच होडी हवी."

"मुखाशी?"

"हो."

"दांड्याजवळ?"

आमच्या खाडीच्या मुखाशी पाण्याखाली वाळूचा दांडा आहे. सुकतीला खाडीचं पाणी बाहेर जातं, समुद्राची लाट आत येते, आणि दांड्यावर दोघांची गाठ पडते. तिथं पाणी काय करेल ते पाण्यालाही ठाऊक नसतं.

"मी दांड्याजवळ यायची नाही," मी म्हटलं.

"तुला कोण ये म्हणतंय?"

हे तो इतक्या हळू बोलला की दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसतं. पण मी बावीस वर्षं त्याच्याकडं पाठ करून बसलेली बाई. त्याचा आवाज मला मागूनसुद्धा कळतो.

मग माझी नजर फळीवर गेली.

आमच्याकडं होडीची फळी आधी बांधत नाहीत. ज्या जोडीला होडी घ्यायची ती आधी पाण्यात होडीत बसते. पुढचं माणूस किती जड, मागचं किती, होडी कुठं दबते, ते मेस्त्री काठावरून बघतो, मग फळी पुढं सरकव, मागं सरकव करतो आणि जोडीचं माप जुळलं की काथ्यानं बांधून टाकतो. रुंद होडीच्या फळ्या नुसत्या ठेवलेल्या होत्या. आखूड होडीच्या तर मांडवाला टेकून उभ्या होत्या. आणि या लांब होडीच्या दोन्ही फळ्या पक्क्या बांधलेल्या. काथ्या नवा, अजून पिवळा. आणि पुढची फळी अगदी नाळेपाशी, होडीच्या नाकालाच, जिथं हलकं माणूस बसलं तरच होडी सरळ राहील.

मी पुन्हा पाण्यात उतरले. काथ्यावरून बोट फिरवलं.

"मेस्त्री, हिच्यात जोडी बसून गेली आहे."

"हां... म्हणजे..."

"कोण बसलं होतं पुढं?"

"येसूबाई, मी सुतार माणूस. माणसं आली, मी माप घेतलं. घरातलं मला काय ठाऊक?"

"कोण माणसं?"

मेस्त्री धोतराचा सोगा झटकायला लागला. त्या दोन क्षणांत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही, नातवंडं वाचतील. पलीकडच्या वाडीतली एक सडपातळ बाई डोळ्यांसमोर आली, तिच्या झिंज्याही आल्या.

"बोला मेस्त्री! बाईचं नाव घ्या, मी जीव घ्यायची नाही तुमचा. तिचा घेईन."

"अहो कसली बाई! तुमचीच शेवंती ती!"

ओटीवर नारळ किसायचा आवाज थांबला.

खरं सांगते, दुसरी बाई असती तर बरं झालं असतं. तिच्या झिंज्या धरल्या असत्या, नवऱ्याला चार दिवस उपाशी ठेवला असता, आणि मोकळी झाले असते. हा राग तसा नव्हता. तो पायापासून वर आला.

मी शेवंतीला कधी होडीत पुढं बसू दिलं नव्हतं. भोयाच्या पोरी दहाव्या वर्षी वल्हं धरतात. माझी पोरगी जाळी विणायची, मासळी खारवायची, मी सांगेन ते करायची, पण पुढच्या फळीवर नाही. जावा म्हणायच्या, येसूनं पोरीला राणी करून ठेवली. मी म्हणायची, माझी पोरगी, माझी मर्जी. कारण कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

"शेवंते!"

ती आली. हाताला खोबरं लागलेलं.

"कधी आली होतीस?"

"गौरी गेल्यावर. तू मावशीकडं गेली होतीस तेव्हा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू ओरडली असतीस."

"मग आता कोण ओरडतंय, मेस्त्रीण?"

"पोरीला कशाला बोलतेस?" मालक म्हणाला. "मी नेलं होतं तिला."

"तुम्ही गप्प बसा. तुमची पाळी नंतर. आधी हिला विचारू दे. तुला वल्हं धरायला कुणी शिकवलं गो?"

"कुणी नाही. काकाच्या पोरांबरोबर खाजणातल्या उथळ पाण्यात जायची. तू बाजाराला गेलीस की." मग तिनं मान वर केली. पोरगी माझीच, किती वेळ खाली बघणार? "आये, मला आवडतं. मी बरी वल्हवते. काका म्हणतो, तुझ्यापेक्षा बरी."

माझा हात उठला.

रागात माणूस विसरतं. मी विसरले की तो उजवा हात आहे. छातीपर्यंत आला, खांद्यात कळ गेली, आणि तिथंच अडकला. मी तशी उभी, अर्धा हात वर, अर्धा खाली. दारात आरशी धरून उभ्या असलेल्या न्हाव्यासारखी. शेवंतीनं डोळे मिटले होते. ते उघडून तिनं माझ्या हाताकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, कीव होती. पोटच्या पोरीची कीव आईला थपडेसारखी लागते.

आणि त्याच वेळेला मालक बोलला.

"बघितलंस? हात वर जात नाही. अशा खांद्यानं वल्हं मारणार तू? किती दिवस ओढू मी तुझ्या वाटणीचं? तुझ्यानं आता होत नाही येसू. पोरगी धडधाकट आहे. मी काय वाईट केलं?"

तो चिडून बोलला नव्हता. तसं बोलला असता तर चाललं असतं. तो समजूत घालत होता. बाजारात म्हाताऱ्या बैलाबद्दल बोलतात तसं.

मी हात खाली घेतला, डाव्या हातानं धरून.

"मेस्त्री," मी म्हटलं, "हा खांदा कसा गेला ठाऊक आहे तुम्हांला?"

"पायरीवर घसरलात ना. अख्ख्या खाडीला ठाऊक आहे."

"येसू," मालक म्हणाला. आवाज बदलला होता.

"तू गप्प बस."

बावीस वर्षांत मी नवऱ्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं. मेस्त्रीचा सोगा हातातून सुटला.

"शेवंते, ऐक. तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी आम्ही दोघं मुखाशी गेलो होतो, बोयटांच्या मागं. मी पुढं, हा मागं. सुकती लागली होती. दांड्यावर पाणी काळं झालेलं मला दिसलं. पुढच्याला आधी दिसतं. मी म्हटलं, वळवा. हा म्हणाला, वल्हं मार. मी म्हटलं, लाट उठतेय, वळवा. हा म्हणाला, वल्हं मार, निघू आपण. तिसऱ्यांदा मी ओरडले. देवाला ऐकू गेलं असेल, माझ्या मागं दोन हातांवर बसलेल्याला नाही. दिसत मला होतं, वळवायचं वल्हं ह्याच्या हातात होतं. मी काय करणार? मी वल्हं मारलं."

होडीत साचलेलं पाणी तेवढं हललं.

"उलटली होडी. ह्यानं मला ह्याच हाताला धरून ओढलं, खांदा तिथंच निघाला. जीव वाचवला, नाही म्हणत नाही. पण काठावर आल्यावर पहिलं काय बोलला? लागलं का, असं नाही. म्हणाला, कुणाला सांगू नको. धाकूनं दांड्यावर होडी उलटवली कळलं तर खाडीत तोंड दाखवता यायचं नाही. नाव ह्यानंच घेतलं स्वतःचं, मी फक्त ह्याचे शब्द सांगतेय. मग मी घरी येऊन सांगितलं, पायरीवर घसरले. सतरा वर्षं सांगतेय. सतरा वर्षं बायका पाणी भरताना हसतात, येसू म्हशीसारखी घसरली. मी हसू दिलं. ह्याचं नाव मी माझ्या खांद्यावर वाहिलं. आणि आज हा मेस्त्रीच्या दारात म्हणतो, तुझ्या वाटणीचं मी ओढतो!"

मालकानं होडी सोडून दिली होती. ती आपोआप जराशी वळली आणि तिचं टोक काठाला लागलं.

"मला लाट दिसली नव्हती," तो म्हणाला. "मागून दिसत नाही येसू."

"म्हणून तर सांगत होते."

"वाटलं, तू घाबरलीस."

"घाबरले होतेच. घाबरलेल्याला दिसत नाही असं कुठं लिहिलंय?"

शेवंती बापाकडं बघत होती. आता कळलं असेल तिला, आई पुढच्या फळीवर का बसू देत नव्हती. मी वाचवत होते ती पाण्यापासून नाही. पाण्याला मी कधी भ्याले नाही. ज्या जागेवरून सगळं दिसतं आणि काहीच करता येत नाही, त्या जागेपासून वाचवत होते.

बोलून झालं की माणसाला हलकं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. मला आणखी राग आला. ती बांधलेली फळी तशीच समोर. मेस्त्रीचा कोयता मांडवाच्या खांबाला अडकवलेला होता. तो मी डाव्या हातानं काढला.

"अहो येसूबाई!" मेस्त्री मागं सरला. मालक पण.

"घाबरू नका, तुमच्यावर धार वाया घालवायची नाही."

मी पाण्यात उतरले आणि पुढच्या फळीचा काथ्या कापला. मग मागच्या फळीचा. दोन्ही फळ्या सुटल्या, तरंगल्या.

"आता ऐका," मी म्हटलं. "दोनच गोष्टी आहेत. एक, रुंद होडी घ्या. मी पुढं बसेन, खांदा गळून पडेपर्यंत वल्हं मारेन, आणि मुखाचं नाव कुणी काढायचं नाही. नाहीतर ही लांब होडी घ्या, पोरीला घेऊन मुखाशी जा. पण मग शेवंती मागं बसेल. वळवायचं वल्हं तिच्या हातात. आणि पुढं हा बसेल. तिसरी गोष्ट नाही."

मेस्त्रीनं कानाला हात लावला. "बाईमाणसानं मागचं वल्हं धरायचं नसतं. जाकाईला चालत नाही. आजवर कधी..."

"जाकाई बाई आहे की बुवा?"

"असं काय बोलता नवरात्रात?"

"नवरात्रात म्हणूनच विचारते. वर देवळात नऊ दिवस कुणाला माळ घालता? राक्षस मारायला बाई चालते, होडी वळवायला चालत नाही? जा, विचारून या तिला. मी थांबते."

ओटीवरून मेस्त्रीण फिसकन हसली. मेस्त्रीनं तिच्याकडं बघितलं तशी ती आत गेली, पण आतूनही हसू ऐकू येत होतं.

"तसं नाही," मेस्त्री जरा मऊ झाला. "कामाचंच सांगतो. जड माणूस पुढं बसलं की होडी नाक खुपसते. आत्ता बघितलंत ना?"

"मग फळी मागं घ्या. सुतार आहात की भटजी? दर वेळी देवाला का पुढं करता?"

मी मालकाकडं बघितलं नाही. मुद्दाम नाही. तो काय करतो ते त्याचं त्यानं ठरवायचं होतं. तो नाही म्हणाला असता तर मी रुंद होडीत बसले असते, बोलले तसं. पण पोरीच्या तोंडाकडं मला पुन्हा बघवलं नसतं, कारण ती त्या लांब होडीकडं अशी बघत होती, जसं आम्ही लहानपणी जत्रेत बांगड्यांकडं बघायचो.

"लोक हसतील," मालक म्हणाला.

"हसू देत. माझ्यावर सतरा वर्षं हसली. तुम्ही एक दसरा काढा."

पुन्हा 'तुम्ही' म्हटलं हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग त्यानं तरंगणारी फळी उचलली, होडीत पुढच्या बाजूला ठेवली, आणि तिच्यावर बसला. होडी पुढं दबली. मेस्त्री पाण्यात आला. फळी एक वीत मागं, आणखी चार बोटं. शेवंतीनं लुगड्याचा काष्टा आवळला आणि मागं बसली. मेस्त्रीनं तिला आणखी मागं सरकायला सांगितलं, तिच्या पायाशी काठावरचे दोन दगड ठेवले वजनाला, आणि काठावर जाऊन डोळे बारीक करून बघितलं.

"बसली," तो म्हणाला. होडीबद्दल म्हणाला. ती पाण्यावर वरवंट्यासारखी सरळ राहिली होती.

"पाण्यात फिरवून बघू दे," मी म्हटलं. "मुखापर्यंत जा आणि या. सुकती लागलीच आहे."

"आत्ता?" मालकानं मागं वळून बघितलं. पुढं बसणाऱ्याला मागं बघायला मान मोडावी लागते. त्याला ती सवय नव्हती.

"पुढं बघा," मी म्हटलं. "पुढच्यानं पुढं बघायचं असतं."

ते गेले. मी आणि मेस्त्री मुखाच्या बाजूच्या कातळावर जाऊन उभे राहिलो. तिथून दांडा दिसतो. ऊन तिरपं झालं होतं, पाणी वाहत होतं. होडी लांबून चिंचेच्या शेंगेएवढी दिसत होती, मग जवळ आली तशी पोरीचे हात दिसले. बरी वल्हवत होती. खरंच बरी वल्हवत होती. हे मी तेव्हा बोलले नाही, आजही तिच्यासमोर बोलत नाही.

"दांड्याकडं चाललीय," मेस्त्री म्हणाला. "अगो बाय, फार जवळ चाललीय."

मी कातळाला पाय रोवले. दांड्यावर पाणी काळं झालं. मला दिसलं. मेस्त्रीला दिसलं नाही, त्याचं डोकं फळ्यांत. मी ओरडायला तोंड उघडलं, पण वारा समोरचा होता, आवाज माझ्याच घशात परत आला असता.

तेवढ्यात पाण्यावरून त्याचा आवाज आला.

"वळव! शेवंते, वळव! वळव!"

तीनदा. मी मोजलं. पण दुसरं 'वळव' यायच्या आतच होडी वळली होती. बोयट उसळी मारून फिरतं तशी. लाट दांड्यावर फुटली, पांढरी झाली, होडीच्या मागं दहा हातांवर पसरली. पोरगी एकदाही थांबली नाही, विचारलं नाही, कशाला म्हणाली नाही. पुढच्यानं सांगितलं, मागच्यानं ऐकलं. एवढंच असतं ते. एवढंच.

मेस्त्रीनं कपाळाचा घाम पुसला. मी पुसला नाही. मला घाम आला होता हे त्याला का कळू द्यायचं?

ते काठाला लागले तेव्हा मालक आधी उतरला. भिजला होता, आणि ओठ पांढरे. शेवंती हसत होती, दात लपवायचा प्रयत्न करत होती. तो माझ्याजवळ आला, दोन पावलं अलीकडं थांबला.

"पुढून लवकर दिसतं गो," तो म्हणाला.

सतरा वर्षांनी. लुगड्यातून पाणी निथळत मी त्याच्यासमोर पडले होते तेव्हा जे बोलायला हवं होतं ते.

"हो का?" मी म्हटलं. "मला कुणी सांगितलंच नाही."

दसऱ्याला होडी लोटली. आपट्याची पानं नाळेला बांधली. गावातली माणसं हसली, दसऱ्याला हसली, दिवाळीत हसली, आणि होळीपर्यंत मुखावरची बोयटं विकत घ्यायला आमच्याच दारात उभी राहिली, मग हसायला तोंड मोकळं राहिलं नाही. पायरीचं नाव मात्र कुणी बदललं नाही. खरं काय ते सगळ्यांना कळलं होतं, मेस्त्रिणीच्या तोंडाला कधी काथ्या बांधलेला नव्हता. तरी 'येसूची पायरी' ती 'येसूची पायरी'च. राहू दे.

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशीचं, पाचव्या माळेचं. दिवेलागणीला आम्ही घरी आलो. नवी होडी लोटायच्या आधी तिला उंडीचं तेल पाजावं लागतं, दोनतीन हात, नाहीतर लाकूड पाणी पितं. मेस्त्रीनं तेलाचा डबा दिला होता. मी देवापाशी दिवा लावून ओटीवर बसले होते. मालकानं चुलीपाशी जाऊन वाटीभर तेल कोमट केलं. चुलीपाशी त्याला मी कधी बघितलं नव्हतं. चिमटा कुठं असतो तेही त्याला ठाऊक नव्हतं, बोट भाजून घेतलं. मग ती वाटी आणून त्यानं माझ्या उजव्या बाजूला, जमिनीवर ठेवली.

उंडीचं तेल सांध्यांना पण लावतात. आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे.

"ते होडीचं तेल आहे," मी म्हटलं.

"होडीला उद्या," तो म्हणाला, आणि तिथंच उभा राहिला.

तो कशासाठी उभा होता ते मला कळत होतं. मी वाटी उचलली, चोळी खांद्यावरून सरकवली, आणि डाव्या हातानं, माझ्या मीच, खांद्याला तेल चोळलं. मागच्या बाजूला हात पोचत नव्हता. तरी त्याला हात लावू दिला नाही.

त्या दिवशी तरी नाही.